डाळिंबात व्हॅम सोडूनही फरक का दिसत नाही?

प्रश्न सांगोला भागातल्या एका डाळिंब बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: भगवा या जातीची पाच वर्षांची बाग, भारी काळी जमीन, आंबे बहार. जानेवारीत ताण (बहारासाठी पाणी बंद ठेवण्याचा काळ) तोडताना इथ्रेल या रसायनाने पानगळ केली, पहिलं पाणी दिलं आणि त्याच आठवड्यात ड्रीपमधून व्हॅम, म्हणजे मुळांत राहणाऱ्या उपयोगी बुरशीचं खत, सोडलं. पांढरी मुळी फुटावी म्हणून सोबत १२:६१:०० हे स्फुरदाचं खत चालूच होतं. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना भरपूर, उपलब्ध स्फुरद हेक्टरी ४८ किलो. फरक काहीच नाही. झिंक सल्फेट घालूनही पानांवर झिंकची कमतरता दरवर्षी दिसते ती दिसलीच. शेजाऱ्यांनी त्याच दुकानातलं तेच पाकीट मुरमाड माळावरच्या नव्या लागवडीला वापरलं आणि त्यांची रोपं जोमात आहेत. तर पाकीट बोगस होतं का?

पाकिटाकडे नंतर येतो. मला वाटतं, पाकीट अगदी अस्सल असतं तरी तुमच्याकडे हेच झालं असतं.

बाटलीवर व्हॅम लिहिलेलं असो की मायकोरायझा, वस्तू एकच. ही बुरशी मुळाच्या आत, पेशींमध्ये शिरून राहते आणि तिचे तंतू मुळाबाहेर मातीत पसरतात. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा ओरबाडून घेतं आणि मग ते रिकाम्या जागेत बसून असतं. बुरशीचे तंतू त्या पट्ट्याच्या पलीकडे कित्येक सेंटिमीटर जातात आणि तिथला स्फुरद, झिंक, तांबं आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर आणि स्निग्धाम्लं देतं. स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवताच येत नाहीत, हे २०१७ साली नक्की झालं. म्हणूनच ट्रायकोडर्मा ही बुरशी किंवा पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांच्यासारखी ती प्रयोगशाळेत नुसत्या माध्यमावर वाढवता येत नाही. तिला जिवंत मूळ लागतंच.

झाडाला हे फुकट पडत नाही. पानांनी बनवलेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के या बुरशीकडे जातं. एवढा खर्च झाड विनाकारण करत नाही. तुमच्या जमिनीत नेमकी इथेच पहिली अडचण आहे.

स्फुरद कमी पडायला लागला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत सोडतात. त्याचा माग लागला की बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि ते मुळाकडे येतात. हे २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याआधी हे द्रव्य माहीत होतं ते वेगळ्याच कारणासाठी. ज्वारीत आणि उसात येणारा टारफुला, मुळांवर जगणारं परजीवी तण, याच द्रव्याच्या इशाऱ्यावर उगवतो. टारफुला हलक्या, भुकेल्या रानात जास्त दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे. झाडाच्या पोटात स्फुरद पुरेसा असला की हे द्रव्य सुटणं कमी होतं आणि बुरशीला आत घेण्याची मुळातली सगळी तयारीच मंदावते.

आता तुमचा अहवाल बघा. ऑल्सेन या माती परीक्षणाच्या पद्धतीने हेक्टरी २५ किलोच्या पुढे स्फुरद गेला की तो भरपूर समजतात. तुमच्याकडे ४८ आहे. त्यावर तुम्ही १२:६१:०० सोडलं, म्हणजे ६१ टक्के स्फुरद असलेलं, पाण्यात पूर्ण विरघळणारं खत, तेही नेमकं ड्रीपरखाली, जिथे पांढरी मुळी असते तिथेच. खालच्या थरात चुन्याने स्फुरद बांधून ठेवला असेलही, पण त्या ओल्या गोळ्यातल्या मुळांना त्याची काही चणचण नाही. व्हॅम आणि १२:६१:०० एकाच आठवड्यात देण्याचं वेळापत्रक दुकानांतून सर्रास मिळतं. ते कोणी बसवलं असेल त्याला विक्री कळते, मुळं कळत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

स्फुरद जास्त असूनही बुरशी मुळात शिरली तर काय होतं, याचाही अभ्यास झालेला आहे. फ्लोरिडात लिंबाच्या रोपांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, भरपूर स्फुरद मिळणाऱ्या रोपांमध्ये बुरशी असलेली रोपं बुरशी नसलेल्यांपेक्षा कमी वाढली. मिळकत काही नाही आणि मुळांचा खर्च मात्र चालू. त्यामुळे 'व्हॅम टाकलं तर तोटा तर नाही ना' या प्रश्नाचं माझं उत्तर 'कधी कधी आहे' असं असतं.

तुमच्या झिंकची गोष्टही इथेच जुळते. सामू ८.३ आणि भरपूर चुना म्हणजे झिंक मुळात कमीच उपलब्ध. अशा जमिनीत मुळापर्यंत झिंक आणण्यात या बुरशीचा वाटा मोठा असतो. आपण स्फुरद ओतून बुरशी कमी करतो, मग झिंक घटतं, मग झिंक सल्फेटचं पोतं आणतो आणि तेही चुन्यात अडकतं. दरवर्षी हेच चाललंय. सध्या झिंक फवारणीतून द्या, पण मूळ दुखणं स्फुरदाच्या हिशेबात आहे.

दुसरी अडचण वेळेची. इथ्रेल मारून पानगळ केलेल्या झाडावर पानंच नाहीत. खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर त्याला नवी पालवी, कळी आणि नवी मुळं काढायची आहेत. अशा वेळी नव्या पाहुण्याला खाऊ घालायला त्याच्याकडे फार काही नसतं. पानं छाटली, दाट सावली पडली, आठवडेच्या आठवडे आभाळ राहिलं की मुळांकडे जाणारी साखर घटते आणि बुरशीची वाढ त्याच प्रमाणात मंदावते. डाळिंबात व्हॅम द्यायचंच असेल तर नवी पालवी पूर्ण उघडून गर्द झाल्यावर, आणि माती उकरल्यावर पांढरी मुळी डोळ्यांना दिसते तेव्हा द्यावं. बुरशी शिरते ती कोवळ्या मुळातून. तपकिरी, जून झालेल्या मुळावर टाकलेलं वाया जातं.

तिसरी अडचण ड्रीपची आहे, आणि याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष नसतं. जिवाणू खतांतले जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात, फिल्टरमधून सहज पार होतात. व्हॅमचे बीजाणू त्यांच्या तुलनेत राक्षस आहेत. जातीप्रमाणे ५० पासून अगदी ३००-४०० मायक्रॉनपर्यंत. शिवाय पाकिटात बुरशी असलेल्या मुळांचे बारीक तुकडे असतात, तेही बीजाणूंइतकेच कामाचे. आपल्या ड्रीपचे जाळीचे किंवा चकतीचे फिल्टर साधारण १२० ते १३० मायक्रॉनचे. व्हेंच्युरी (ड्रीपमध्ये खत ओढून घेणारी नळी) फिल्टरच्या आधी बसवलेली असेल तर पाकिटातला बराचसा ऐवज फिल्टर धुताना बांधावर जातो. त्यात ड्रीपर मोकळे करायला आदल्या दिवशी फॉस्फरिक ॲसिड किंवा शेवाळासाठी ब्लीचिंग सोडलेलं असेल तर राहिलेल्याचाही निकाल लागतो. फॉस्फरिक ॲसिड म्हणजे पुन्हा स्फुरदच, हे वेगळं सांगायला नको.

फिल्टरमधून जे पार झालं ते कुठे जातं? काळ्या जमिनीत ते वरच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये अडकून बसतं. हे बीजाणू पोहत नाहीत, पाण्याबरोबर चिकणमातीत खोल झिरपत नाहीत. मूळ त्यांच्याजवळ यावं लागतं. तुमच्या भागात एप्रिल-मेमध्ये उघड्या काळ्या रानाचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापतो. बहुतेक जातींना २० ते ३० अंश मानवतं, ३५ च्या पुढे मुळात शिरण्याचं प्रमाण घसरतं. एकदम कोरड्या मातीत बीजाणू उन्हाळा काढतात, तो त्यांचा स्वभावच आहे. पण ड्रीपरखाली माती ओली, बीजाणू नुकताच रुजलेला आणि वरून ऊन, हा मेळ त्याला जगू देत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर खाली मात्र बरीच थंडाई असते. म्हणून मी नेहमी सांगतो की ड्रीपरजवळ कुदळीने दोन-तीन छोटे खड्डे घ्या, पांढरी मुळी दिसेपर्यंत, तिथे भुकटी कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका आणि माती लोटा. मजुरी लागते, कबूल. पण पाकिटाचे पैसे तरी पावतात.

पाण्याचंही बघा. ही बुरशी हवा खाणारी आहे. काळ्या जमिनीत रोज ड्रीप चालवून बुंधा सतत चिखलात ठेवला तर तिचा श्वास कोंडतो, मुळांचाही कोंडतो. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) हा एकच शब्द पाळला तरी पुष्कळ झालं. चिखलणीच्या भातात मुळांवर ही बुरशी फारच कमी सापडते, याचं मुख्य कारण हेच. कोकणात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ घेतात तेव्हा जमिनीत पुन्हा हवा खेळते आणि ती परत मुळांवर दिसायला लागते.

याच्या उलट, थोडा ताण तिच्या पथ्यावर पडतो. तिचे तंतू दोन ते दहा मायक्रॉन जाड. मुळावरचे केस जिथे शिरू शकत नाहीत अशा बारीक छिद्रांतल्या ओलाव्यापर्यंत ते पोचतात. पाऊस ओढ देतो तेव्हा बुरशी असलेलं झाड थोडं उशिरा मान टाकतं, हा अनुभव खोटा नाही. पण थोडा ताण आणि तुमचा बहार धरतानाचा महिना-दीड महिन्याचा कडक ताण यांत फरक आहे. जमीन भेगाळेपर्यंत ताण दिला की तंतूंचं जाळं तुटतं आणि पाणी सोडल्यावर ते पुन्हा विणावं लागतं.

बोअरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा, तुम्ही लिहिला नाहीत. सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात तो बऱ्याच ठिकाणी जास्त असतो म्हणून सांगतो. क्षारांमुळे बीजाणू रुजणं आणि तंतू वाढणं दोन्ही मंदावतं. गंमत अशी की बुरशी आधीच मुळात असलेलं झाड मात्र तेच क्षार जास्त चांगलं सोसतं, कारण त्याच्या पानांत सोडियमच्या तुलनेत पालाश जास्त राहतं. मग शहाणपण कशात? बुरशीची आणि मुळाची गाठ खारट रानात घालण्यापेक्षा रोपवाटिकेत, गोड्या पाण्यावर, पिशवीतच घालून द्यावी. शेजाऱ्यांनी नव्या लागवडीत वापरलं आणि तुम्ही पाच वर्षांच्या बागेत, हा फरक म्हणूनच मोठा आहे. आणि त्यांची रोपं टिश्यू कल्चरची असतील तर आणखीच. काचेच्या बाटलीत निर्जंतुक वाढलेल्या रोपाच्या मुळावर कुठलीच बुरशी नसते. जळगावकडच्या टिश्यू कल्चर केळीलाही हाच नियम. हार्डनिंगच्या वेळी, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावताना, दिलेलं व्हॅम माझ्या मते सगळ्यात सत्कारणी लागलेलं व्हॅम. तुमच्या जुन्या झाडांच्या मुळांवर मात्र स्थानिक बुरशी आधीपासून असणारच, थोडी का होईना. नवीन पाकिटाला तिथे जागा मिळवायची तर तिच्याशी झुंजावं लागतं.

शेजाऱ्यांच्या माळाबद्दल एक शंका मनात ठेवा. मुरमाड, कधी नांगर न लागलेल्या, कुसळी गवताच्या रानात स्थानिक बुरशी भरपूर असते. स्फुरद कमी, निचरा उत्तम. त्यांची रोपं जोमात आहेत ती पाकिटामुळे की माळामुळे, हे सांगता येणार नाही, कारण त्यांनी एकही ओळ पाकिटाशिवाय सोडलेली नसणार. शेतकरी ओळ सोडत नाही आणि विकणारा सोडू देत नाही.

स्थानिक बुरशी कशाने जाते हे समजायला ऑस्ट्रेलियातलं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. क्वीन्सलँडमधल्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे. तिथे पाण्याची बेगमी म्हणून वर्षभराहून जास्त काळ रान तणमुक्त पडीक ठेवायचे आणि नंतर पेरलेलं पीक, ओल भरपूर असूनही, खुरटायचं. स्फुरद आणि झिंकच्या कमतरतेची लक्षणं दिसायची. बरीच वर्षं कोडं सुटत नव्हतं. १९८७ मध्ये जॉन थॉम्पसन यांनी दाखवलं की पडीक काळात जिवंत मूळच नसल्याने मायकोरायझा उपाशी मरत होती. तुमची बाग पडीक नाही, पण दोन ओळींमधला पट्टा बघा. वारंवार रोटाव्हेटर, मग तणनाशक, बारा महिने उघडी माती. तिथे तंतूंचं जाळं टिकणार कशाच्या जोरावर? त्या पट्ट्यात पावसाळ्यात ताग, चवळी किंवा बाजरी घ्या, फुलोऱ्याच्या आधी कापून जागेवरच आच्छादन करा. मुळं उपटू नका. बाजरी, ज्वारी, मका ही या बुरशीची हक्काची वाढवण करणारी पिकं आहेत, पाकिटंसुद्धा पुष्कळदा त्यांच्याच मुळांवर तयार होतात. आंतरपीक म्हणून कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट किंवा राजगिरा घेत असाल तर त्यांच्या मुळांत ही बुरशी वसतीच करत नाही. ती पिकं वाईट नाहीत, पण या कामाची नाहीत.

बुरशीनाशकांचं थोडक्यात. मर रोगासाठी कार्बेन्डाझिम किंवा प्रॉपिकोनॅझोलची आळवणी केलीत तर व्हॅमला निदान तीन-चार आठवडे हात लावू नका. कार्बेन्डाझिमच्या कुळातलं बेनोमिल तर शास्त्रज्ञ मुद्दाम ही बुरशी मारायलाच प्रयोगात वापरतात. मेटॅलॅक्सिल आणि फोसेटिल ॲल्युमिनियम यांचं तसं नाही, ती वेगळ्या गटावर चालतात आणि मायकोरायझाला फारशी इजा करत नाहीत. मर हाताबाहेर जात असेल तर झाड वाचवा, बुरशीचा विचार नंतर. ट्रायकोडर्मा आणि व्हॅम एकाच टाकीत कालवण्याची घाई मात्र नको. काही ट्रायकोडर्मा व्हॅमच्या तंतूंवरही हल्ला करताना प्रयोगशाळेत दिसल्या आहेत. दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं तर बिघडत नाही.

कोकण आणि गोव्याच्या वाचकांसाठी एवढंच, की तुमचं गणित उलटं आहे. जांभ्या जमिनीत सामू पाच-सहाच्या आसपास, लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतात, म्हणजे आंबा-काजूच्या कलमाला या बुरशीची गरज खरोखरच असते. आम्ल जमिनीत तग धरणाऱ्या जाती वेगळ्या, अकॉलोस्पोरा गटातल्या. घाटावरच्या चुनखडीच्या रानात वाढलेली जात तिकडे नेऊन टिकेलच असं नाही. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाणींच्या पडीक जमिनींसह स्थानिक बुरशांवर बरीच वर्षं काम झालंय, तिकडच्यांनी आधी ते पाहावं.

आता पाकीट. बीजाणूंचा आकडा मोठा असला म्हणजे माल चांगला असं नाही. मेलेला बीजाणूही सूक्ष्मदर्शकाखाली मोजला जातो. आपल्या खत नियंत्रण आदेशात म्हणूनच नुसत्या संख्येवर न थांबता मूळ प्रत्यक्ष बाधित करण्याची क्षमताही तपासायला सांगितली आहे. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. उत्पादनाची तारीख बघा आणि पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊ नका. पाकिटावर 'ग्लोमॅलिनमुळे जमीन भुसभुशीत' वगैरे छापलेलं असतं, त्यावर विसंबून पैसे मोजू नका. ग्लोमॅलिन (मातीचे कण बांधून ठेवतं असं मानलं जाणारं प्रथिन) म्हणून जे मोजलं जातं ते सगळं या बुरशीचंच असतं का, याबद्दल शास्त्रज्ञांतच वाद आहे.

तुमच्या बागेसाठी माझा सल्ला असा. यंदा व्हॅम घेऊ नका. १२:६१:००, ००:५२:३४ आणि डीएपी ही स्फुरदाची खतं पूर्ण थांबवून एक बहार काढा. ४८ किलोच्या साठ्यावर झाड सहज निभावेल, खात्रीसाठी पानांचा नमुना तपासून घ्या. ड्रीपर मोकळे करायला फॉस्फरिकऐवजी दुसरं ॲसिड वापरा. पाचट किंवा गवताचं आच्छादन आणि मधल्या पट्ट्यात बाजरी-चवळी. पाणी वाफसा बघून. एवढं झाल्यावर मुळं तपासा, मगच पाकिटाचं ठरवू.

मुळं तपासणं अवघड नाही. केसांएवढी बारीक मुळं धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवायची. हे रसायन हात भाजतं, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, नाहीतर कृषी महाविद्यालयातल्या कुणाकडून करून घ्या. मुळं पारदर्शक झाली की धुवायची आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळायची. मग थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात जादा रंग उतरवायचा. शंभरपट मोठं करणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूळ फिकट दिसतं आणि त्याच्या आत गडद रेघा, मध्येच लंबगोल फुगे, आणि नशीब चांगलं असेल तर पेशीच्या आत दाट फांद्यांचं एक इवलंसं झुडूप. देवाणघेवाण होते ती या झुडपात. ते जेमतेम काही दिवस टिकतं आणि विरघळून जातं, म्हणून ते दिसलं तर समजायचं की मुळात व्यवहार आत्ता चालू आहे. नुसते फुगे असतील तर बुरशी आहे, पण साठा करून बसली आहे.

नमुना पाठवायचा असेल तर सप्टेंबरमध्ये, ताणावर सोडण्याआधी घ्या. चार-पाच झाडांच्या ड्रीपरपासून वीतभर अंतरावर, १० ते २० सेंटिमीटर खोलीतली बारीक मुळं मातीसकट काढा, ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीला दोन भोकं पाडा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचतं करा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या माळावरच्या कुसळी गवताची मुळंही एका वेगळ्या पिशवीत घ्या, म्हणजे त्यांच्या रानात पाकिटाशिवाय काय होतं तेही कळेल.